वास्तुविशारदाची उमेदवारी



दरवर्षीं दहावीचा निकाल लागला, म्हणजे कांहीं पालक मुलांस बरोबर घेऊन आम्हां शिक्षकांच्या भेटीस येतात. "आतां पुढें काय?" हा एकच प्रश्न सर्वांच्या मुखीं असतो. कांहीं वर्षांपूर्वीं मुरबाडजवळच्या एका खेड्यांतील गवंडीकाम करणारे गृहस्थ असेच आले होते. ते म्हणाले, "सर, माझ्या हातानं पुष्कळ घरं उभी राहिली, पण नकाशा नेहमी दुसऱ्याचा. पोराचा हात चित्रकलेत चांगला आहे. त्याला नकाशा काढणारा करावा म्हणतो. किती वर्षं लागतील, आणि शेवटी पोटापुरतं मिळेल ना?"

त्या दिवशीं मला त्यांस पुरें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें सहा-सात वर्षें त्या मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष ठेवल्यावर जें कळलें, तें इतर मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या उपयोगीं पडावें, म्हणून येथें लिहीत आहें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. घर बांधण्याच्या कामीं तीन प्रकारच्या माणसांचें साहाय्य लागतें. गवंडी, सुतार इत्यादि कारागीर प्रत्यक्ष बांधकाम करितात. स्थापत्य अभियंता पाया, खांब व तुळया ह्यांवर किती भार येईल आणि तो सोसण्यास किती लोखंड व सिमेंट लागेल, याचा हिशोब करितो. घरांत राहणाऱ्या माणसांस उजेड, वारा, एकांत व ये-जा ह्यांची सोय कशी होईल, पावसाचें पाणी कोठें जाईल, मालकाच्या खर्चाची मर्यादा कशी सांभाळली जाईल, ह्याचा आरंभापासून विचार करून जो नकाशे तयार करितो व कामावर देखरेख ठेवितो, तो वास्तुविशारद, म्हणजेच आर्किटेक्ट. दिशांचे शुभाशुभ सांगणाऱ्याचा ह्या विद्येशीं कांहीं संबंध नाहीं.

आपल्या देशांत १९७२ च्या कायद्याप्रमाणें, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ह्या परिषदेच्या नोंदवहींत ज्याचें नांव असेल, त्यासच स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घेण्याचा अधिकार आहे. परंतु मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हा कायदा केवळ त्या नांवाचें संरक्षण करितो. त्या कामाची मक्तेदारी देत नाहीं. म्हणजे इमारतीचा नकाशा करण्याचें काम इतर लोकही करूं शकतात. यास्तव केवळ पदवीच्या बळावर गिऱ्हाईक दारीं येईल, अशी आशा कोणी धरूं नये. पदवीबरोबर अंगीं कसबही पाहिजे.

आतां अभ्यासाविषयीं. हा अभ्यासक्रम पांच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो. त्यास जावयाचें असल्यास अकरावी-बारावीस गणित व पदार्थविज्ञान हे विषय सोडूं नयेत. प्रवेशासाठीं परिषदेची 'नाटा' नांवाची परीक्षा असते. तींत पाठ केलेल्या उत्तरांपेक्षां रेखाटन, रचना व निरीक्षण ह्यांची पारख अधिक होते. आपल्या शाळेंत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांस ज्या मुलांनीं मन लावून तयारी केली असेल, त्यांचा हात येथें आधींच वळलेला असतो. खेड्यांतील जन्म ह्या विद्येच्या आड येत नाहीं. कानपूर येथील आय. आय. टी. च्या इमारतींची योजना करणारे अच्युत कानविंदे १९१६ सालीं कोंकणांतील आचरे गांवीं जन्मले होते. स्त्रीजन्मही आड येत नाहीं. पेरीन मिस्त्री ह्या बाईंनीं मुंबईस १९३६ सालींच ही परीक्षा उत्तीर्ण केली होती.

ह्या पांच वर्षांत एक सत्र असें असतें कीं, त्या वेळीं विद्यार्थी वर्गांत न बसतां एखाद्या नोंदलेल्या वास्तुविशारदाच्या हाताखालीं काम करितो. इंग्रजींत तिला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे तिला उमेदवारी हा जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. सोनार, सुतार व वकील ह्यांच्याकडे पूर्वीं उमेदवार राहत, तशीच ही रीत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत वास्तुकलेच्या शिक्षणाचा उगम १८९६ सालीं झाला, तोही आरेखकांस तयार करण्याच्या एका वर्गांतून. तेथें पुढें प्रमुख असलेले क्लॉड बॅटले विद्यार्थ्यांस हातीं फीत देऊन जुन्या इमारती मोजावयास पाठवीत. तात्पर्य, ही विद्या पुस्तकांतून अर्धी व कामावर अर्धी शिकावयाची, हें प्रथमपासूनच मान्य आहे.

उमेदवारीचें एक नामांकित उदाहरण सांगण्यासारखें आहे. पुण्यास १९२७ सालीं जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईस शिकत असतां परदेशीं गेले आणि १९५१ सालीं पॅरिस येथें ल कॉर्ब्यूझ्ये ह्या विख्यात वास्तुविशारदाच्या कार्यालयांत राहिले. पहिले आठ महिने त्यांस वेतन मिळालें नाहीं. पुढें ह्याच दोशींनीं १९६२ सालीं अहमदाबादेस वास्तुकलेची शाळा स्थापिली, आणि २०१८ सालीं प्रित्झ्कर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय झाले. ही गोष्ट स्फूर्तिदायक खरी. परंतु तिचा एक दुरुपयोगही होतो. "मोठमोठ्यांनीं फुकट काम केलें, तूंही कर," असें उमेदवारास सांगण्यांत येतें. ज्याच्या घरीं रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्यास आठ महिने तर राहोच, आठ आठवडेही जड जातात.

त्या गवंड्याच्या मुलास हाच अनुभव आला. त्याला मुंबईंतील एका मोठ्या कार्यालयांत जागा मिळाली, म्हणून घरीं आनंद झाला. मुरबाडास आगगाडी नाहीं. पहाटे एस. टी. नें कल्याण गांठावयाचें, तेथून लोकलनें मुंबई, आणि रात्रीं उशिरां परत. वेतन कांहीं नाहीं. भाडें मात्र घरचें. काम काय, तर उंच इमारतीच्या नकाशांतील दारांचे क्रमांक संगणकावर दुरुस्त करावयाचे. सहा आठवड्यांत एकदांही त्यास बांधकामाच्या जागीं नेण्यांत आलें नाहीं, कीं त्याचें काम कोणी जवळ बसून तपासलें नाहीं. तो मजकडे आला तेव्हां म्हणाला, "सर, बाबांना काय सांगू? त्यांना वाटतं मी इमारत बांधतोय."

मी त्यास सांगितलें कीं, हें बाबांना जसेंच्या तसें सांग, आणि मग आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांस सांग. त्यानें दोन्ही गोष्टी केल्या. अध्यापकांच्या संमतीनें उरलेले दिवस तो कल्याणच्या एका लहान कार्यालयांत गेला. तेथें चार माणसें होतीं. प्रवास व जेवण भागेल इतकें विद्यावेतन मिळे, आणि आठवड्यांतून दोन दिवस कामावर जावें लागे. एके दिवशीं एका घराचा नकाशा पाहतां पाहतां तो म्हणाला कीं, पश्चिमेच्या छज्जाखालीं पाणी तोडणारी खाच दाखविलेली नाहीं. आमच्याकडच्या पावसांत पाणी छज्जाच्या पोटाखालून भिंतीवर येईल. हें त्यास कोणत्या पुस्तकानें शिकविलें नव्हतें. सुटींत बापाच्या हाताखालीं राबतांना तें त्यानें पाहिलें होतें. त्या दिवसापासून कार्यालयांतील वडीलधारे त्याचें मत विचारूं लागले. मोठ्या नांवाच्या कार्यालयांत सहा आठवड्यांत जें मिळालें नाहीं, तें लहान जागीं मिळालें.

ह्यावरून मोठीं कार्यालयें वाईट व लहान तेवढीं चांगलीं, असा अर्थ काढूं नये. उमेदवारी निवडतांना पाटी पाहूं नये, शिकवण पाहावी, एवढेंच सांगणें आहे. जागा पत्करण्यापूर्वीं मुलांनीं पुढील गोष्टी विनयानें, पण स्पष्टपणें विचाराव्या. एक, ज्यांच्या हाताखालीं काम करावयाचें, ते परिषदेकडे नोंदलेले आहेत ना. दोन, बांधकामाच्या जागीं नेतील काय, व किती वेळां. तीन, नकाशाखेरीज खर्चाचें अंदाजपत्रक व सरकारी परवानगीचे कागद पाहावयास मिळतील काय. चार, माझें काम कोण तपासणार. पांच, कामाचे तास किती व विद्यावेतन काय, तें लेखी मिळेल काय. ह्या प्रश्नांनीं भला माणूस रागावत नाहीं. जो रागावेल, त्याच्याकडून शिकावयास मिळण्याचा संभव थोडाच.

पदवी मिळाल्यावर वाटा अनेक आहेत. बहुतेक तरुण प्रथम कांहीं वर्षें दुसऱ्याच्या कार्यालयांत नोकरी करितात आणि अनुभव व ओळखी झाल्यावर स्वतःचा व्यवसाय थाटतात. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागांत वास्तुशास्त्रज्ञांची निराळी शाखा आहे. सिडको, म्हाडा व महानगरपालिका येथेंही जागा असतात. कोणी पुढें शिकून नगररचनेकडे, कोणी बागा व मोकळ्या जागांच्या योजनेकडे, तर कोणी जुन्या इमारतींच्या जतनाकडे वळतात. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस २००४ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें, आणि २०१८ सालीं ओव्हल मैदानाभोंवतीच्या इमारतींसही तो मान मिळाला. अशा वास्तु राखण्यास जाणकार माणसें लागतात. घराच्या आंतील सजावट, लाकडी सामान, चित्रपटांचे देखावे, ठेकेदाराकडील देखरेख व अध्यापन ह्या वाटाही खुल्या आहेत. मात्र आरंभींचें वेतन बहुधा थोडेंच असतें. त्या मुलाचें पहिलें वेतन बापाच्या मजुरीहून फारसें अधिक नव्हतें. पांच वर्षांचा खर्च करून पहिल्या महिन्यांतच घर सावरेल, अशी अपेक्षा पालकांनीं ठेवूं नये, व मुलानेंही तसें वचन देऊं नये.

आणखी एक वाट आहे. ती आपल्याच उंबऱ्यापाशीं येते. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें पावसाळा सरला, म्हणजे वीटभट्ट्यांवर जातात. शहरांतील घरांच्या विटा त्यांच्या हातच्या; त्यांचीं स्वतःचीं घरें मात्र पुष्कळदां कुडाचीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेंत घराचें क्षेत्रफळ निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २७० चौरस फूट ठरविलें आहे व सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठेविलें आहे. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेंत कातकऱ्यांसारख्या जमातींसाठीं ही रक्कम २ लाख ठेवण्यांत आली. एवढ्या जागेंत व एवढ्या पैशांत चूल कोठें, धान्य कोठें, पावसाळ्यांत लांकडें कोठें, म्हातारीची खाट कोठें, हें नीट बसविणें महालाच्या नकाशाहून सोपें नाहीं. त्यास बुद्धि लागते, आणि तें जीवन जवळून पाहिलेली दृष्टि लागते.

असें काम केलेलीं माणसें आपल्या देशांत होऊन गेलीं आहेत. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद १९४५ सालीं महारोग्यांच्या सेवाकार्यासाठीं हिंदुस्थानांत आले. त्यापूर्वीं मुंबईंत बोटीची वाट पाहत असतां त्यांची महात्मा गांधींशीं भेट झाली होती. घर बांधावयाचें तें पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या साहित्यानें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं पुढें केरळांत आचरणांत आणिला. विटा उभ्या ठेवून मध्यें पोकळी सोडण्याची भिंतीची रीत त्यांनीं तेथें रुळविली. तिनें सुमारें चौथा हिस्सा विटा वाचतात, व पोकळीमुळें घर थंड राहतें. दुसरें उदाहरण आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील. बेलापूर येथें १९८३ ते १९८६ च्या सुमारास चार्ल्स कोरिया यांनीं सिडकोसाठीं एक वसाहत योजिली. तींत सात-सात घरें एका लहान अंगणाभोंवतीं आहेत, आणि कुटुंब वाढलें कीं घर वाढवितां यावें, अशी तजवीज आहे. आपल्या पाड्यावरील अंगण ज्यानें पाहिलें आहे, त्यास ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

तो मुलगा आतां परिषदेकडे नोंदलेला आर्किटेक्ट आहे आणि त्याच कल्याणच्या कार्यालयांत नोकरीस आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें गांवीं चुलत्याचें घर बांधविलें. पाहावयास मी गेलों होतों. नकाशा मुलाचा होता, ओळंबा बापाच्या हातीं होता, आणि जोतें किती उंच घ्यावें, ह्यावर दोघांचा वाद चालला होता. शेवटीं बापाच्या सांगण्याप्रमाणें एक थर वाढला. मला पाहून ते गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्हांला विचारलं होतं ना, पोटापुरतं मिळेल का? मिळतं. पण आता नकाशा घरचा आहे."

मित्रहो, तुमच्यापैकीं ज्यास ह्या वाटेनें जावेंसें वाटत असेल, त्यानें सुटींत एक काम करावें. मोजण्याची फीत घेऊन स्वतःचें घर मोजावें. भिंतींची जाडी, दारें-खिडक्यांची रुंदी, ओटीची उंची व छपराचा उतार हीं सर्व मापें कागदावर मांडून घराचा नकाशा काढावा. आणि मग घरांतील सर्वांत वडील माणसास विचारावें कीं, हें असेंच कां बांधलें. हीच तुमची पहिली उमेदवारी होय. तिला प्रवेशपरीक्षा नाहीं, आणि गुरु घरींच आहे. काढलेले नकाशे मजकडे आणून दाखवावे. मी ते आनंदानें पाहीन.