गॅस गीझर : दुरुस्ती आधी हवेची, मग यंत्राची

बडोद्याहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे : "गॅस गीझर नुसता टिकटिक करतो, पेटत नाही. मेकॅनिक म्हणतो, नवा घ्या. काय करू?" थंडी तोंडावर आली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर, बेळगाव, सगळीकडे आता माळ्यावरच्या रजया आणि बाथरूममधले गीझर एकदमच आठवतात. तेव्हा आज गॅस गीझरच.

ताई, लगेच नवा घेऊ नका. आधी तो चालतो कसा ते बघू.

तुम्ही नळ सोडता. गीझरच्या आत रबराचा एक पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या दाबाने तो पडदा सरकतो आणि एक पिन ढकलतो. पिन एक छोटा स्विच दाबते. स्विच दाबला की खालच्या दोन मोठ्या सेलवर ठिणग्या पडू लागतात, तीच तुमची टिकटिक. त्याच वेळी गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळची एक काडी, म्हणजे सेन्सर, ज्योत लागली की नाही ते बघते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर गॅस आपोआप बंद होतो.

म्हणजे क्रम असा : पाणी, सेल, ठिणगी, गॅस, ज्योत. फौजेत गाडी बंद पडली की आम्ही असंच एका टोकाकडून तपासत यायचो. मधेच हात घालायचा नाही.

टिकटिकच येत नसेल, तर आधी सेल बदला. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. तरी आवाज नाही? मग पाण्याचा दाब कमी असेल. थंड पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून जुन्या ब्रशने धुवा. शॉवरची जाळी क्षाराने बुजली असेल तरी पाण्याचा वेग पडतो. हे सगळं ठीक असेल, तर डायफ्राम कडक झाला आहे किंवा फाटला आहे. हा सुटा भाग मिळतो, पण आपल्याच मॉडेलचा घ्या.

टिकटिक येते पण पेटत नाही, ही ताईंची तक्रार. सिलिंडर संपला नाही ना, गॅसची चावी पूर्ण उघडी आहे ना, हे बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा राहते. दोन-तीनदा नळ सोडून बंद केला की पेटतो. तेही नसेल, तर पुन्हा सेलच. थकलेला सेल ठिणगी देतो, पण व्हॉल्व्ह उघडायला त्याची ताकद पुरत नाही. बऱ्याचदा नव्या गीझरचा खर्च या दोन सेलमध्ये वाचतो.

पेटून लगेच विझत असेल, तर सेन्सरवर काजळी असेल किंवा बर्नरला हवा कमी पडत असेल. आणि नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली, तर पिन अडकली आहे. तिथे प्रयोग नको. रेग्युलेटर बंद करा, दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरूच नका.

सेल आणि जाळी हे तुमचं काम. तेही रेग्युलेटर बंद करून. गॅस व्हॉल्व्ह, बर्नरचे जेट, वरची तांब्याची जाळीदार पेटी हे जाणकाराचं काम. वर्षातून एकदा, थंडीआधी, ही पेटी साफ करून घ्याच. तो गेल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर गळती आहे. आणि "साहेब, सेन्सर डायरेक्ट करून देतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता मुख्य गोष्ट. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं, तर 10 मिनिटांत साधारण 160 ग्रॅम गॅस जळतो. त्याला जवळपास 2 घनमीटर हवा लागते. 5 बाय 7 फुटांचं, 8 फूट उंचीचं बाथरूम म्हणजे एकूण हवाच 8 घनमीटर. दार-खिडकी बंद असेल आणि घरातले चौघे लागोपाठ आंघोळीला गेले, तर हिशेब तुम्हीच करा. हवेतला प्राणवायू घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला तोही नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. धोका सगळ्यात जास्त शेवटी आंघोळ करणाऱ्याला, आणि आपल्या घरांत शेवटी कोण जातं ते मी सांगायला नको.

काश्मीरमध्ये असताना झोपण्याआधी बुखारी विझली की नाही हे मी रोज स्वतः बघायचो. जवानांना त्यावरून ओरडायचो. आणि निवृत्तीनंतर महूच्या घरात, पहिल्याच थंडीत, गार वारा येतो म्हणून मीच बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावला. आठवड्याभरात नात आंघोळीहून डोकं धरून बाहेर आली. मळमळ, चक्कर. आम्ही म्हटलं, पित्त असेल. दुसऱ्या दिवशी ती दाराशीच कोसळली. कडी लावलेली नव्हती, म्हणून आज ती कॉलेजात आहे. गीझर अगदी नवा होता. बिघाड माझ्या पुठ्ठ्यात होता.

त्याच दिवशी गीझर बाहेरच्या उघड्या गॅलरीत नेला. आत फक्त गरम पाण्याची नळी येते. तुम्हीही तसंच करा. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळ करा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर वापर थांबवा.

कोणी कोसळलंच, तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांना "गॅस गीझर चालू होता" हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचं यंत्र अशा वेळी प्राणवायू ठीक दाखवू शकतं. साध्या गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चालतो. तो भिंतीवर लिहून ठेवा.

ताई, सेल बदलून कळवा. आणि झरोक्याला काही लावलं असेल, तर ते आधी काढा.

जय हिंद.