उसाच्या दराबद्दल जिनिव्हात काय लिहिलंय, आणि ते आपण कसं वाचायचं?

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे आणि कागदपत्रांचे नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून ते इथं सावकाश दिलेत.

या भागाचा विषय एका प्रश्नातून आला. राधानगरी तालुक्यातल्या एका श्रोत्यानं विचारलं, "आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की डब्ल्यूटीओनं एफआरपी बेकायदा ठरवलीय, आता ती बंद होणार. खरं काय?"

प्रश्न साधा नाही. राधानगरी धरणाचं पाणी भोगावतीतून खाली जातं आणि दोन्ही काठांना ऊस उभा राहतो. घरातल्या वर्षाच्या हिशोबाचा पाया म्हणजे ऊस बिल. त्याबद्दल कुणी 'बंद होणार' म्हणालं तर झोप उडणारच. तर आधी उत्तर देतो, मग ते स्वतः कसं तपासायचं ते सांगतो. महत्त्वाचा भाग दुसराच आहे, कारण असा मेसेज पुन्हा येणार आहे.

आधी उत्तर

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यातदार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, भारताविरुद्ध तक्रार केली. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांचा प्रश्न होता. १४ डिसेंबर २०२१ ला तिथल्या पॅनेलचा अहवाल बाहेर आला आणि मुख्य मुद्द्यांवर तो भारताच्या विरोधात गेला. पॅनेलचं म्हणणं असं की उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांच्या वर गेला, आणि विकसनशील देश म्हणून भारताला तेवढीच मर्यादा आहे. साखर निर्यातीशी जोडलेल्या काही योजनाही नियमात बसत नाहीत, असंही म्हटलं.

म्हणजे 'एफआरपी नावाची गोष्टच बेकायदा' असं कुठंही लिहिलेलं नाही. किमान दर ठरवायला बंदी नाही. त्या दराचा हिशोब एका ठरावीक सूत्रानं केला तर मर्यादा ओलांडली जाते, एवढाच निष्कर्ष आहे.

पुढं काय झालं? भारतानं अपील केलं. पण अपील ऐकणारी समिती डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. अमेरिकेनं नवीन सदस्यांच्या नेमणुका अडवल्या आणि सुनावणीला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. अपील निकाली निघाल्याशिवाय अहवाल मंजूर होत नाही आणि मंजूर झाल्याशिवाय बंधनकारक होत नाही. प्रकरण लोंबकळत राहिलं. एफआरपी मात्र त्यानंतरही वाढत गेली. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये जाहीर झाले.

हे मी सांगतोय म्हणून मान्य करू नका. चला, कागद उघडूया.

हे कागद असतात कुठं?

संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक, नाणेनिधी, एफएओ, डब्ल्यूटीओ या सगळ्या संस्था प्रचंड छापतात. जगभरातल्या वाचकांना ते मिळावं म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं १९४६ पासून ठरावीक ग्रंथालयांना आपली प्रकाशनं द्यायला सुरुवात केली. अशा ग्रंथालयांना डिपॉझिटरी लायब्ररी म्हणतात. अट अशी की ते साहित्य सर्वसामान्य वाचकाला बघायला मिळालं पाहिजे.

महाराष्ट्रात यातलं मोठं नाव म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. त्याची मुळं १९०५ च्या भारत सेवक समाजात आहेत, आणि इन्स्टिट्यूट सुरू झाली १९३० मध्ये. ज्यांचं नाव ग्रंथालयाला आहे ते धनंजयराव गाडगीळ इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. आणि हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. उसावरचे जागतिक अहवाल शोधायला जायचं ते सहकारी साखर कारखानदारी उभी करणाऱ्या अर्थतज्ज्ञाच्या नावाच्या ग्रंथालयात. जोडी छान जमलीय.

राधानगरीहून पुणे लांब पडतं. जवळचं म्हणजे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, पन्नासेक किलोमीटरवर. कुठंही जायचं असो, आधी ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधा, मग फोन करा. तीन गोष्टी विचारा: बाहेरच्या वाचकाला बसून वाचता येतं का, कोणतं ओळखपत्र किंवा कॉलेजचं पत्र लागतं, आणि झेरॉक्स किंवा फोटो चालतात का.

तुम्ही म्हणाल, सगळं नेटवर असताना लायब्ररी कशाला? बरोबर, बरंच काही नेटवर फुकट आहे. जागतिक बँकेनं २०१० मध्ये आपली आकडेवारी खुली केली. डब्ल्यूटीओचे वादाचे अहवाल तर कुणालाही डाउनलोड करता येतात. तरी लायब्ररीची दोन कामं उरतात.

एक, जुना माल. एफएओच्या ऑनलाइन डेटाबेसमधली शेतीची आकडेवारी १९६१ पासून सुरू होते. त्याआधीचं हवं असेल तर छापील वार्षिकं काढावी लागतात. शिवाय ऑनलाइन आकडे मागाहून सुधारले जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर वेबसाइट म्हणजे लाइव्ह डेटाबेस आणि छापील खंड म्हणजे त्या वर्षीचा स्नॅपशॉट. '१९७५ मध्ये सरकारला काय माहीत होतं?' हा प्रश्न असेल तर उत्तर १९७५ च्या खंडात मिळेल. आजच्या वेबसाइटवर ते मिळेलच असं नाही.

दोन, माणूस. संदर्भ विभागातल्या ग्रंथपालाला कुठला आकडा कुठल्या मालिकेत असतो ते माहीत असतं. फक्त 'डब्ल्यूटीओचं काहीतरी द्या' असं म्हणू नका. 'भारताच्या उसावरच्या आधाराबद्दल २०१४ नंतरचं हवंय' असं विचारा. प्रश्न जितका नेमका, तितका तुमचा वेळ वाचेल.

कागदाचा नंबर म्हणजे पत्ता

या साहित्यात पुस्तकाच्या नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच समजेल, कारण तो फाइलच्या पाथसारखा असतो. तिरप्या रेघांनी तोडलेला, डावीकडून उजवीकडे वाचायचा.

आपल्या प्रकरणाचा नंबर आहे डब्ल्यूटी/डीएस५७९/आर. शोधताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका. 'डीएस' म्हणजे वाद. ५७९ ही ब्राझीलची तक्रार, ५८० ऑस्ट्रेलियाची, ५८१ ग्वाटेमालाची. शेवटचा 'आर' म्हणजे पॅनेलचा अहवाल. संयुक्त राष्ट्रसंघातही तसंच: 'ए' म्हणजे महासभा, 'एस' म्हणजे सुरक्षा परिषद, 'ई' म्हणजे आर्थिक आणि सामाजिक परिषद.

नंबरच्या शेपटीकडे जरूर बघा. 'अ‍ॅड' असेल तर पुरवणी, 'रेव्ह' असेल तर सुधारित आवृत्ती, 'कॉर' असेल तर चूक दुरुस्तीचा कागद. मूळ कागद वाचला आणि 'कॉर' बघितलाच नाही, तर चुकीचा आकडा घेऊन भांडत बसाल.

शेकडो पानं, फोनवर?

सगळं वाचू नका. डब्ल्यूटीओच्या पॅनेल अहवालात प्रत्येक परिच्छेदाला नंबर असतो. थेट शेवटच्या भागात, आठव्या विभागात जा. निष्कर्ष आणि शिफारशी तिथं थोडक्यात असतात. तिथून कारणं बघायला मागं सातव्या विभागात या. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद हवे असतील तर पुरवणीत त्यांचे सारांश आहेत. भारताची बाजूही तिथं आहे, आणि ती वाचलीच पाहिजे.

भारताचा मुख्य मुद्दा कुणालाही पटेल असा आहे: उसाचे पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो. मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलनं ते मानलं नाही. सरकारनं दर सक्तीचा केला की पैसे कुणाच्याही खिशातून जावोत, तो आधारच, अशी त्यांची भूमिका.

खरी मेख सूत्रात आहे

आता थोडा विषय हार्ड आहे, पण एवढं समजलं की सगळं समजेल. सूत्र असं: सरकारनं ठरवलेला दर वजा संदर्भ किंमत, गुणिले त्या दराला पात्र असलेलं उत्पादन. ही संदर्भ किंमत आजची नसते. डब्ल्यूटीओच्या शेती करारात ती १९८६ ते १९८८ च्या सरासरीवर गोठवलेली आहे.

उदाहरण घेऊ. २०१८-१९ ला एफआरपी १० टक्के उताऱ्याला टनाला २७५० रुपये होती. समजा जुनी संदर्भ किंमत टनाला २०० रुपये आहे. हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय. फरक आला २५५०. उसाची किंमत २७५० धरली तर आधार झाला जवळपास ९३ टक्के! आता समजा संदर्भ किंमत आजच्या बाजाराच्या जवळची, २५०० रुपये धरली. फरक २५०, म्हणजे ९ टक्के. मर्यादेच्या आत.

शेतकरी तोच, ऊस तोच, दरही तोच. संदर्भ किंमत बदलली की निकाल फिरला. तीस वर्षांच्या महागाईचा या सूत्रात आपोआप हिशोब होत नाही. खत, मजुरी, पाणीपट्टी, यातलं काहीच सूत्रात येत नाही. 'डब्ल्यूटीओ म्हणतंय शेतकऱ्याला ९० टक्के सबसिडी मिळते' असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण त्याला करून दाखवा.

याची दुसरी बाजूही आहे. हे सूत्र असलेल्या करारावर भारताचीही सही आहे, आणि दुसऱ्या देशाच्या सबसिडीवर बोट ठेवायला आपल्यालाही हाच करार लागतो. म्हणून 'सगळं परदेशी कारस्थान' म्हणून कागद बाजूला टाकणंही परवडणारं नाही.

आकडे वाचताना तीन खबरदाऱ्या

पहिली, एकक. जागतिक बाजारात कच्च्या साखरेचा भाव सेंट प्रति पाउंड असा सांगतात. जागतिक बँकेच्या मासिक भावपत्रकात तो डॉलर प्रति किलो असतो. २० सेंट पाउंड म्हणजे साधारण ४४ सेंट किलो. हे रूपांतर न करता कारखान्याच्या भावाशी तुलना केली की गोंधळ झालाच.

दुसरी, वर्ष. आपला हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. काही तक्ते जानेवारी ते डिसेंबर असतात. ऊस आणि साखर, कच्ची साखर आणि पांढरी साखर, यांचीही सरमिसळ होते. तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप आधी वाचा.

तिसरी, लिहिणारा कोण. पॅनेल नियमाच्या चौकटीत बोलतं. तक्रारदार देश स्वतःची साखर विकायला बघतो. ऊस पिकवायचा खर्च हवा असेल तर दिल्लीच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाचा उसावरचा वार्षिक अहवाल बघा, तोही नेटवर मिळतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं.

फक्त उसापुरतं नाही

हीच पद्धत इतरत्र चालते. महाराष्ट्रात गावोगावच्या शेतकरी कंपन्यांसाठी 'स्मार्ट' प्रकल्प आहे. त्याला जागतिक बँकेचं २१ कोटी डॉलरचं कर्ज आहे. बँकेच्या साइटवर प्रकल्पाचं नाव टाकलं की मंजुरीच्या वेळचा सविस्तर कागद आणि नंतरचे प्रगती अहवाल मिळतात. काय ठरलं होतं आणि किती झालं, हे दोन्ही ओळीनं वाचता येतं. ग्रामसभेत किंवा कंपनीच्या बैठकीत हातात असा कागद असला की बोलण्याला वजन येतं.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: यातलं जवळपास काहीच मराठीत नाही. डब्ल्यूटीओच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. ज्याच्या उसाबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता येत नाही, आणि ती जागा व्हॉट्सअ‍ॅपवाले भरून काढतात. कॉलेजला जाणाऱ्या, थोडंफार इंग्रजी येणाऱ्या पोरापोरींनी इथं हात लावायला हवा. अख्खा अहवाल नको. आठव्या विभागातले चार परिच्छेद घरातल्या मोठ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगा, बास.

तर या आठवड्याचं काम: डीएस५७९ चा अहवाल उघडा, आठवा विभाग काढा, आणि 'एफआरपी बंद करा' असं वाक्य सापडतंय का बघा. काय सापडलं ते परिच्छेदाच्या नंबरासकट आम्हाला पाठवा. गळीत हंगामाच्या तोंडावर हा मेसेज पुन्हा फिरेल तेव्हा, तो फॉरवर्ड करण्याआधी तुमच्याकडे नंबर तयार असेल.

भेटूया पुढच्या भागात.