हिवाळ्यातले पाहुणे

वाचकहो, हॉलंडच्या थंडीबद्दल सांगायचे तर आधी अंधाराबद्दल सांगावे लागेल. डिसेंबरात द हेगला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळूनही जातो. मधल्या वेळात तो दिसेलच याची खात्री नाही. आम्ही दोघे रेवदंड्याच्या आणि ठाण्याच्या उन्हात वाढलेली माणसे. मधली बरीच वर्षे अश्दोदला गेली. मग मुलीच्या नोकरीपायी उतारवयात इकडे आलो. पहिल्या हिवाळ्यात भिंतीवरचे घड्याळ बिघडले असे वाटून आम्ही दोनदा त्याचा सेल बदलला!

आमचे घर शहरात नाही. द हेगच्या पूर्वेला स्टोम्पवाइक नावाचे खेडे आहे, त्याच्या बाहेर आम्ही राहतो. चारी बाजूंना कुरणे, कुरणांमधून पाण्याचे चर, आणि लांबवर एका ओळीत उभ्या असलेल्या तीन पवनचक्क्या. त्या १६७२ सालच्या आहेत. इथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा खाली, म्हणून या तीन चक्क्या टप्प्याटप्प्याने पाणी वर उचलून बाहेर टाकत. अलिबागकडची खारजमीन आणि तिचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच समजेल. समुद्राशी भांडून भात पिकवणारे आपले लोक आणि समुद्राशी भांडून गाई चारणारे हे लोक, फार लांबचे नाहीत.

घरात आम्ही दोघे, मनी नावाची मांजर आणि मोती नावाचा कुत्रा. मोतीला इथले लोक 'मोटी' म्हणत. तोही बिचारा दोन्ही नावांना शेपटी हलवायचा. आमच्याकडे आला तेव्हाच तो वयस्कर होता, त्यामुळे आमची चाल आणि त्याची चाल छान जुळली. मनी मात्र तरुण, चपळ, आणि आपण या घराच्या मालकीण आहोत अशी तिची पक्की समजूत.

हिवाळा आला की पाहुणे सुरू होतात. कुरणात हंसासारखी मोठमोठी बदके उतरतात. त्यातली काही थेट रशियाच्या उत्तर टोकाकडून आलेली असतात. त्यांच्या लेखी हॉलंडची थंडी म्हणजे आपला महाबळेश्वर! जवळच स्टारेफार्ट नावाचे तळे आहे. तिथे 'स्मिंट' नावाचे एक बदक येते, ते ओरडत नाही, चक्क शिट्टी वाजवते. बालमित्रांनो, याच जातीची बदके हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातही उतरतात, पैठणच्या नाथसागरापर्यंत जातात. म्हणजे उत्तरेतून निघताना कोणी डावीकडे वळले, कोणी उजवीकडे.

चराच्या काठाला राखी बगळा एका पायावर उभा असतो. हा अगदी आपल्या रेवदंड्याच्या खाडीतलाच. त्याला पाहिले की आमच्यापैकी जी रेवदंड्याची आहे ती दर वेळी म्हणते, "हा बघा, माझ्या माहेरचा."

आणि करकोचा. करकोचा तर द हेगचे मानचिन्हच. शहराच्या चिन्हावर चोचीत वाम मासा धरलेला करकोचा असतो, आणि इथल्या फुटबॉल संघाच्या चिन्हावरही तोच. पण एक काळ असा आला की चिन्हावर करकोचा आणि आकाशात मात्र एकही नाही, अशी पाळी यायला आली. कुरणांतले पाणी उपसले गेले, औषधांची फवारणी वाढली, करकोचे संपत चालले. तेव्हा १९६९ साली ग्रूट-आमर्स या गावी पक्षिप्रेमींनी केंद्र काढून करकोचे वाढवायला सुरुवात केली. आज देशात हजाराच्या वर जोड्या घरटी करतात. पुष्कळसे करकोचे तर आता आफ्रिकेला जातच नाहीत, थंडी इथेच काढतात. आमच्या समोरच्या कुरणात असाच एक येतो. आमचे शेजारी, ज्यांना आम्ही 'बूरमान' म्हणतो (डच भाषेत बूरमान म्हणजेच शेजारी), ते त्याला पाहून टोपी उचलतात.

पण बूरमानची टोपी सगळ्यांसाठी उचलली जात नाही.

इथे आलो त्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे नऊ, बाहेर धुके. अचानक 'कीऽऽ कीऽऽ' असा ओरडा झाला. आम्ही दोघे चहा सोडून खिडकीशी धावलो.

"अहो, पोपट!"

"छे, कोणाचा तरी पिंजऱ्यातून सुटला असेल."

बघतो तर एक नव्हे, अकरा! हिरवेगार, लाल चोचीचे, गळ्यात कंठ असलेले, आपले राघू! निष्पर्ण झाडावर जणू पाने फुटली होती. खरे सांगतो, आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. लगेच अश्दोदला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, पोपट तर इथेही आहेत." त्याला काय सांगणार?

पुढे माहिती मिळवली. हे पोपट पाळण्यासाठी आणलेले. कोणी पिंजऱ्यातून उडाले, कोणी सोडून दिले. हॉलंडमध्ये त्यांनी पहिले घरटे केल्याची नोंद १९६८ सालची, आणि तीसुद्धा आपल्या द हेगमधलीच. शास्त्रज्ञांनी युरोपातल्या पोपटांचा डीएनए तपासून २०१५ साली सांगितले की, यांचे पूर्वज बहुतेक पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचे. म्हणजे कोकणातले नव्हेत, पण थंडी त्यांच्या पूर्वजांनी पाहिलेली होती. म्हणूनच ते इथे टिकले असावेत.

आम्ही अर्थात त्यांना दाणे घालू लागलो. बिनमिठाचे शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया. इथे दुकानात पाखरांसाठी चरबीत बिया घालून केलेले गोळे मिळतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा पेंडीचे लाडूच वाटले. आपल्या तेली पूर्वजांच्या घाण्यावर पेंड बैलाला मिळायची, आणि शनिवारी मालकाबरोबर बैलालाही विसावा. दारात नारळाची करवंटीही मिळते, आत घट्ट तेल आणि दाणे भरलेली. आम्ही ती विकत घेत नाही. आमटीला नारळ तर लागतोच, उरलेल्या करवंटीत खोबरेल ओततो, त्यात बिया टाकतो. खोबरेल गोठवायला फ्रीज लागत नाही, पायरीवर ठेवले की झाले!

बूरमानना हे पसंत पडले नाही. ते सरळ माणूस आहेत, तोंडावर बोलले. "हे पोपट परदेशी आहेत. माझ्या नाशपातीच्या कळ्या खातात. झाडांच्या ढोल्या आधीच बळकावतात, मग इथल्या पाखरांनी जायचे कुठे? तुम्ही दाणे घालता म्हणून ते येतात."

त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नव्हती. बेल्जियममध्ये अभ्यासकांना खरेच आढळले आहे की, पोपट ढोल्या घेतात आणि ढोलीत राहणाऱ्या एका छोट्या पाखराची संख्या त्यामुळे घटते. आणि आमच्या रेवदंड्याच्या आजी तरी काय करत होत्या? भात पिकले की पोपट हाकलायला दिवसभर पत्र्याचा डबा बडवत बसायच्या! तरीही 'परदेशी आहेत' हा शब्द कानात राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि विषय बदलला. त्या दिवसापासून बूरमान आणि आमच्यात नमस्कार उरला, गप्पा थांबल्या.

मग २०२१ चा हिवाळा आला. करोनाचे दिवस. जानेवारीत इथे रात्री नऊनंतरची संचारबंदी लागली आणि घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायचा असा नियम आला. तिकडे इस्रायलने विमानतळच बंद केला. मुलगी आठवड्यातून एकदा यायची, तोंडाला मुसके बांधून, खिडकी उघडी ठेवून बसायची. नातवंडे फोनच्या पडद्यावर. आमच्या वयाच्या माणसांनी बाहेर पडायचे नाही. एके दिवशी आमच्या लक्षात आले की चार दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशी औषधांखेरीज काही बोललोच नव्हतो.

माणसांना बंदी होती, पाखरांना नव्हती. सकाळी उठायचे ते त्यांच्यासाठी. आपल्या शास्त्रात सांगितलेच आहे की, आधी जनावराला घालावे, मग आपण जेवावे. तेव्हा मोती, मनी आणि बाहेरची मंडळी यांचे झाले की मगच आमचा चहा. उशीर झाला तर पोपट खिडकीशी येऊन आरडाओरडा करायचे. कोणाला तरी आपली वाट पाहावीशी वाटते, हे त्या दिवसांत फार मोठे औषध होते.

७ फेब्रुवारीला, रविवारी, बर्फाचे वादळ झाले. आगगाड्या बंद पडल्या. नंतरचा आठवडाभर पारा वर यायला तयार नव्हता, चरांचे पाणी गोठले. बगळा बर्फावर उभा राहून खाली दिसणाऱ्या, पण न मिळणाऱ्या माशांकडे बघत होता. पाखरांची झुंबड उडाली.

मंगळवारी दुपारी काचेवर 'धप्प' असा आवाज झाला. एक पोपट भरधाव येऊन खिडकीवर आपटला आणि बर्फात पडला. आम्ही चपला शोधेपर्यंत मनी मांजरीच्या दारातून बाहेर! आम्ही ओरडलो, पण मांजर कधी कोणाचे ऐकते का? तेवढ्यात मोती, ज्याला पायरी उतरायलाही अर्धा मिनिट लागायचे, तो धावला. हो, धावला! आणि त्या पोपटापुढे जाऊन आडवा बसला. मनी थबकली. मोती भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता बसला. त्याला पोपट वाचवायचा होता की मनीशी जुने भांडण होते, देव जाणे.

पोपटाला टॉवेलात उचलला. बालमित्रांनो, हातमोजे घातल्याशिवाय असे करू नका. राघूने आमच्यापैकी ठाण्याच्या बोटाचा असा चावा घेतला की खूण अजून आहे. बुटांच्या खोक्याला भोके पाडून त्यात ठेवले. पाणी पाजले नाही, दाणे दिले नाहीत. काचेवर आपटलेल्या पाखराला अंधार आणि शांतता हेच औषध. दोन तास आम्ही खोक्याजवळ बसलो, हळू आवाजात बोलत. त्या दोन तासांत आम्ही रेवदंड्याबद्दल, ठाण्याबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल इतके बोललो, जितके त्या सबंध हिवाळ्यात बोललो नव्हतो.

मग आतून खडबड ऐकू आली. मनीला न्हाणीघरात कोंडले, खोके अंगणात नेऊन झाकण उघडले. पोपट क्षणभर बसला, आणि उडाला. उडाला तो थेट बूरमानच्या नाशपातीवर!

बूरमान कुंपणापलीकडे बर्फ ओढत उभे होते. त्यांनी वर पाहिले, आमच्याकडे पाहिले, आमच्या हातातले रिकामे खोके पाहिले. "वा," ते म्हणाले, "आता घरपोच पाठवता का?" आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मग दीड मीटरचे अंतर राखून, कुंपणाच्या दोन बाजूंना, गारठ्यात अर्धा तास गप्पा झाल्या. तेही घरात एकटेच होते, हे आम्ही विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुंपणाच्या खांबावर अर्धी कापलेली सफरचंदे होती. "कोतवालासारख्या काळ्या पाखरांसाठी ठेवलीत," ते म्हणाले. पोपटांसाठी ठेवली असे त्यांनी आजपर्यंत कबूल केलेले नाही.

आम्हीही त्यांचे ऐकले. दाणे आता फक्त कडाक्याच्या थंडीत घालतो, आणि लहान पाखरांसाठी जाळीचा पिंजरा ठेवतो, ज्यात पोपटाचे डोके जात नाही. काचेवर बाहेरून कागदी पट्ट्या चिकटवल्या. मनी सकाळ-संध्याकाळ, पाखरांच्या जेवणाच्या वेळी, घरात असते. तिला हे अजून मान्य नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी हॉलंडभर लोक आपापल्या बागेत अर्धा तास बसून पाखरे मोजतात. या गणनेत बहुतेक वर्षी पहिला नंबर कोणाचा येतो, ओळखा पाहू? आपल्या चिऊताईचा! पण तिचीही संख्या इतकी घटली होती की २००४ साली तिला धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत घालावे लागले. २००५ साली तर एक गंमत आणि दुःख एकदमच झाले. लेवार्डन शहरात विक्रमासाठी उभ्या केलेल्या सोंगट्यांच्या दालनात एक चिमणी शिरली आणि तिने २३,००० सोंगट्या पाडल्या. तिला बंदुकीने मारले, तर सारा देश खवळला. ती चिमणी रॉटरडॅमच्या संग्रहालयात ठेवली आहे. आणि २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० साली सुरू केला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी. चिऊताई जगभर आपलीच.

मोती आता नाही. पुढच्याच हिवाळ्यात, झोपेतच गेला. त्याला नाशपातीच्या बाजूला, कुंपणाजवळ पुरले. खड्डा बूरमानने खणून दिला, आमच्या हातून गोठलेली जमीन फुटेना. तो वाचलेला पोपट कोणता ते आम्हाला ओळखता येत नाही, सगळे सारखेच दिसतात. म्हणून सगळ्यांनाच तो समजतो.

बालमित्रांनो, पाखरांना घालायचे तर खारे दाणे आणि शिळा पाव नको. जाळीच्या पिशवीतले गोळे नकोत, पाय अडकतात. काटेरी साळूसारखा छोटा प्राणी बागेत दिसला तर त्याला दूध देऊ नका, त्याचे पोट बिघडते, पाणी ठेवा. आणि मोठ्यांनो, तुमच्या गॅलरीत, मग ती अश्दोदची असो, ठाण्याची असो वा आणखी कुठली, कोण येते ते आम्हाला जरूर लिहून कळवा. हिवाळा मोठा आहे, आम्ही वाट पाहू.