टाकसाळीतून निघाली, पण चलनात न आलेली नाणी

धातूच्या चकतीवर मुद्रा उमटली की नाणे झाले, असे आपण सहजपणे मानतो. टाकसाळीच्या कारागिरापुरते ते खरेही आहे. परंतु नाणे पाडणे आणि ते चलनात आणणे या दोन निरनिराळ्या क्रिया असून, दुसरी क्रिया शासनाच्या आदेशाने व हिशोबातील नोंदीने पूर्ण होते. तोपर्यंत ते नाणे पैसा नसून टाकसाळीतील माल असते. हा भेद वरकरणी कारकुनी वाटेल. पण याच भेदावरून अमेरिकेत सात दशकांहून अधिक काळ तपास, जप्त्या आणि खटले चालले.

अमेरिकेत २० डॉलरचे सोन्याचे नाणे ‘डबल ईगल’ या नावाने ओळखले जाई. एका बाजूस उभी स्वातंत्र्यदेवता व दुसऱ्या बाजूस उडता गरुड असे त्याचे रूप ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने घडविले आणि १९०७ सालापासून ते पाडले जाऊ लागले. सुमारे ३३.४ ग्रॅम वजनाच्या या नाण्यात ९० टक्के सोने व १० टक्के तांबे असे. १९३३ साली महामंदीने अमेरिकेतील बँका कोलमडत होत्या आणि धास्तावलेले लोक सोने घरात दडवीत होते. अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी आदेश काढून, काही अपवाद वगळता, नागरिकांनी आपले सोने फेडरल रिझर्व्ह बँकांकडे जमा करावे असे फर्मावले. इकडे फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत मात्र ठरल्याप्रमाणे काम चालूच होते. त्या वर्षी तेथे ४,४५,५०० डबल ईगल पाडली गेली. सरकारी यंत्रणेचा एक हात दुसऱ्याची वाट पाहत थांबत नाही, हा अनुभव सर्वच देशांत सारखा असावा.

ही नाणी चलनात आणण्याचा आदेश कधीच निघाला नाही. दोन नाणी स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली व उरलेली १९३७ साली वितळवून त्यांच्या लगडी करण्यात आल्या. वजनाचा हिशोब जुळला आणि प्रकरण मिटले, असे सर्वांना वाटले.

१९४४ साली एका लिलावात १९३३ सालचे डबल ईगल विक्रीस येत असल्याचे एका पत्रकाराच्या नजरेस आले व त्याने टाकसाळीकडे विचारणा केली. जे नाणे बाहेर गेलेच नाही ते बाजारात कसे आले? सीक्रेट सर्व्हिसने तपास केला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याने नऊ नाणी विकल्याचे मान्य केले. परंतु मुदत उलटून गेल्याने त्याच्यावर खटला भरता आला नाही. टाकसाळीत जुन्या सालची नाणी ठेवून १९३३ सालची उचलली गेली असावीत, असा कयास आहे. वजन तेच, संख्या तीच. मग ताळेबंदात चूक दिसणार कशी?

सापडलेली नऊ नाणी वितळविण्यात आली. एक मात्र हातचे गेले होते. इजिप्तचे राजे फारूक यांनी ते विकत घेतले होते आणि तपास सुरू होण्याच्या काही दिवस आधी अमेरिकेच्या अर्थखात्यानेच त्यास निर्यात परवाना दिला होता! फारूक १९५२ साली पदच्युत झाले. १९५४ साली कैरोत त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा अमेरिकेच्या मागणीवरून हे नाणे विक्रीतून काढण्यात आले व पुढे ते दिसेनासे झाले. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडे ते पुन्हा पकडले गेले. २००१ साली तडजोड झाली आणि ३० जुलै २००२ रोजी लिलावात त्यास ७५,९०,०२० डॉलर आले. त्यातील शेवटचे २० डॉलर लक्षणीय आहेत. नाणे अधिकृतपणे चलनात आले असे ठरण्यासाठी त्याची दर्शनी किंमत शासनाकडे जमा होणे आवश्यक होते; ती ६९ वर्षांनी झाली. २०२१ साली तेच नाणे सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले.

त्या जवाहिऱ्याच्या वारसांकडे पुढे आणखी दहा नाणी निघाली. त्यांनी ती तपासणीसाठी टाकसाळीकडे दिली; शासनाने ती परत केली नाहीत. न्यायालयांनी अखेर ती सरकारी मालमत्ता ठरविली व २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. धातू तोच, ठसा तोच. परंतु वीस डॉलरची पावती एकाच नाण्याजवळ होती.

ब्रिटनमध्ये असाच प्रसंग राजत्यागामुळे ओढवला. आठवे एडवर्ड यांची नाणी १९३७ च्या आरंभी निघावयाची होती. डिसेंबर १९३६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि केवळ मोजके नमुने मागे राहिले. आपल्याकडील कच्छ संस्थानाने मात्र त्यांच्या नावाची नाणी १९३६ सालीच पाडली होती. त्यांवर मुखवटा नसे, केवळ नाव असे. त्यामुळे लंडनहून चित्र येण्याची वाट पाहावी लागली नाही.

भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे; परंतु रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३८ नुसार रुपयाची नाणी त्या बँकेमार्फतच चलनात येतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त पाडलेले १,००० रुपयांचे नाणे संग्राहकांना विकण्यासाठी होते, बाजारहाटासाठी नव्हे. मोठमोठ्या लिलावांच्या वार्ता वाचून जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देतो, असे सांगणारे भामटेही फिरत असतात. आपल्या नावाने शुल्क वा कर मागितला जात असल्याचे पाहून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये खुलासा केला की, अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही व त्यासाठी कोणासही अधिकार दिलेला नाही. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर हा खुलासा लावण्यास हरकत नसावी.