मासा काय जेवला होता?

पानिपतच्या आसपास मासे चांगले पिकतात. ते खाणारी माणसं मात्र तिथे फारशी नाहीत. हरियाणा हा दूध-दह्याचा मुलूख, मासे खाण्यात देशातल्या अगदी तळाच्या राज्यांपैकी एक. तरी गावोगावचे जोहड, म्हणजे पंचायतीची तळी, पट्ट्याने घेऊन त्यांत रोहू, कटला, मृगळ आणि अलीकडे पंगस वाढवणारे शेतकरी तिथे आहेत. माल बर्फात घालून नव्वदेक किलोमीटरवरच्या दिल्लीला, गाझीपूरच्या बाजारात जातो. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ ची रसद तुटलेली छावणी आठवते. या तळ्यांत मात्र रसदेला तोटा नाही. बासमतीच्या गिरण्यांतून भाताचा कोंडा निघतो, तेलाच्या घाण्यांतून मोहरीची पेंड. दोन्ही एकत्र भिजवून पाण्यात टाकायची, ही जुनी पद्धत. ज्याला परवडतं तो तरंगत्या गोळ्यांचं तयार खाद्य आणतो.

आता गंमत अशी, की हा कोंडा, ही पेंड आणि ही गोळी माशाच्या पोटात जाऊन नुसतं वजन होत नाहीत. चव, रंग, वास, दाताखाली लागणारा कस, एवढंच काय, फ्रीजमध्ये मासा किती दिवस टिकेल तेसुद्धा बऱ्याच अंशी या रसदेवर ठरतं.

हरियाणाची म्हैस घ्या. तिला सरकी घातली काय किंवा मोहरीची पेंड घातली काय, पहिल्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या स्निग्धाची बरीच तोडमोड करतात, त्यामुळे दुधातलं लोणी फारसं बदलत नाही. माशाच्या पोटात असा मधला दलाल नाही. खाद्यातलं तेल ज्या घडणीचं, जवळपास त्याच घडणीचं ते मांसात जाऊन बसतं. माशाच्या स्नायूंचे पदर असतात आणि दोन पदरांमध्ये कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा. शिजवल्यावर हा पडदा विरघळतो, म्हणून मासा बोटाने पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो. चरबी साठते ती याच पडद्यांलगत, पोटाच्या कडेला आणि कातडीखालच्या गडद पट्ट्यात. कोंड्यासारखं पिष्टमय खाद्य वारेमाप घातलं तर ऊर्जा उरते, आणि रोहू पोटाशी सुटतो. वजनकाट्यावर ते छान दिसतं. साफ करताना त्यातलं बरंचसं आतड्यांबरोबर कचऱ्यात जातं.

ज्या ओमेगा-३ साठी डॉक्टर मासे खायला सांगतात, त्याची गोष्ट तर आणखी चकित करणारी. त्यातले माणसाला सर्वांत उपयोगी दोन प्रकार मासा स्वतः फारसे बनवतच नाही. ते बनवतात पाण्यातली सूक्ष्म शेवाळं. शेवाळं बारीक जीव खातात, त्यांना तारली खाते, तारलीला सुरमई. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला एक जास्तीची कला येते: वनस्पतींतल्या साध्या ओमेगा-३ पासून हे लांब साखळीचे प्रकार थोडेफार घडवण्याची. मोहरीच्या तेलात तो कच्चा माल असतो, कोंड्याच्या तेलात जवळजवळ नसतो. म्हणजे घाण्यावरची पेंड, जिच्यात थोडं तेल मागे उरलेलं असतं, ती नुसत्या कोंड्यापेक्षा या बाबतीत उजवी.

समुद्रापारचं उदाहरण बघा. नॉर्वेच्या सॅमनच्या खाद्यात १९९० च्या सुमारास नव्वद टक्के घटक समुद्रातले होते, मासळीची भुकटी आणि तेल. २०१३ पर्यंत ते तीस टक्क्यांवर आले. जागा सोयाबीन आणि रेपसीडच्या तेलाने घेतली. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीचीच बहीण. परिणाम? स्कॉटलंडच्या पाळलेल्या सॅमनमध्ये लांब साखळीच्या ओमेगा-३ चं प्रमाण २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आलं. मासा तोच, तुकडा तसाच दिसणारा. त्याची भाकरी बदलली, म्हणून आपलं औषध निम्मं झालं.

दिसण्याचं म्हणाल तर तेही खाद्याच्याच हातात. सॅमनचा गुलाबी-केशरी रंग त्याचा स्वतःचा नाही. समुद्रात तो कोळंबीसारख्या बारीक जीवांतून मिळतो. पिंजऱ्यातल्या सॅमनला खाद्यातून अस्टाझँथिन हे रंगद्रव्य दिलं नाही तर मांस करडं-फिकट राहतं. या रंगाच्या छटांचं कार्डही मिळतं, घराच्या रंगाचं असतं तसं. पंगसचं दुखणं नेमकं उलटं. हॉटेलात ‘बासा’ म्हणून येतो तो हाच, आणि गिऱ्हाइकाला तो पांढराशुभ्र हवा असतो. खाद्यात मका जास्त झाला की मक्याचा पिवळा रंग मांसात उतरतो आणि भाव पडतो.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चोंगशानचा गवत्या मासा. हाच ग्रास कार्प आपल्याकडेही तळ्यात सोडतात. चोंगशानचे लोक पूर्ण वाढ झालेल्या माशाला शेवटचे तीन-चार महिने गवत आणि गोळी बंद करून भिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांच्या बिया खायला घालतात. बाकीचं काही नाही. हळूहळू त्याच्या स्नायूंचे तंतू बारीक आणि दाट होतात, कोलॅजन वाढतं, आणि मऊ, गिळगिळीत म्हणून नावाजलेलं हे मांस इतकं करकरीत होतं की पातळ काप उकळत्या रश्श्यात बराच वेळ ठेवले तरी मोडत नाहीत. जात बदलली नाही, पाणी बदललं नाही; एक कडधान्य बदललं. तिथे या माशाला वेगळं नाव आहे आणि साध्या माशापेक्षा कितीतरी जास्त भाव.

गोड्या पाण्यातल्या माशावर आपल्याकडचा कायमचा आक्षेप म्हणजे मातकट वास. कोकणातली मंडळी रोहूला नाक मुरडतात ती यामुळेच. या वासाच्या मुळाशी असतो जिओस्मिन, वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून उठणाऱ्या सुगंधातला तोच पदार्थ. अंगणात ज्याने जीव हरखतो तोच ताटात नकोसा होतो. आपलं नाक त्याच्याबाबत विलक्षण तिखट: लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी कळतं. तळ्यात तो तयार करतात काही नीलहरित शेवाळं आणि जिवाणू. आणि त्यांना कोण पोसतं? उरलेलं खाद्य. माशाने न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं, पाण्यावर हिरवी साय धरते, जिओस्मिन कल्ल्यांतून माशात शिरतो आणि चरबीत ठाण मांडतो. चरबी जितकी जास्त, तितका तो हलायला नाराज. म्हणजे हात सैल सोडून खाद्य टाकणारा शेतकरी माशाला दोनदा बिघडवतो, एकदा चरबी वाढवून आणि एकदा वास लावून.

उपाय साधा आहे: काढणीनंतर काही दिवस मासे उपाशीपोटी, स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवायचे. वास धुऊन जातो, आतडी रिकामी होतात, मासा जास्त टिकतो. फक्त वजन थोडं घटतं, आणि किलोवर विकणाऱ्याला ते कोण सोसायला सांगणार? स्वयंपाकघरातला उपाय त्याहून जुना. आंबटात जिओस्मिन मोडतो. चिंचेच्या कोळात किंवा लिंबात मुरवलेला रोहू जिभेला सोसतो यामागे हे रसायनशास्त्र आहे.

पानिपतचा हिवाळा या सगळ्याला एक वळण देतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार पडलं की त्याचं अंगही गार पडतं. तूप थिजतं आणि तेल वाहतं राहतं, तसंच पेशींच्या पडद्यांचं. म्हणून थंडीत मासा आपल्या पडद्यांत असंपृक्त, न थिजणारी स्निग्धं वाढवतो. रोहूची भूक मरते, शेतकरी खाद्य कमी करतो. पंगसला तर ही थंडी मानवतच नाही, त्यामुळे तो गारठ्याआधीच विकावा लागतो. पण असंपृक्त तेल हवेशी लवकर भांडतं आणि खवट होतं. खाद्यातलं ई जीवनसत्त्व इथे कामाला येतं: ते मांसात साठतं आणि मासा मेल्यानंतरही, बर्फात, हा खवटपणा लांबवतं.

माशांच्या खाद्याच्या अभ्यासाचा एक धागा थेट मुंबईत येतो. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ मध्ये सुरू झाली, पानिपतनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. तिचं एक केंद्र हरियाणातच, रोहतकजवळ लाहली इथे आहे. तिथलं भूजल खारं, पिकाला निरुपयोगी. त्यात कोळंबी वाढवायचा प्रयोग झाला. खारं असूनही या पाण्यात पोटॅशियम अपुरं पडतं, म्हणून ते पाण्यात किंवा खाद्यात वेगळं द्यावं लागतं. शेतात टाकायचं पोटॅश तिथे कोळंबीच्या तळ्यात पडतं.

बाजारात मात्र यातलं काहीच विचारलं जात नाही. भाव ठरतो तो जात, आकार आणि ताजेपणा बघून. भिगवणला उजनीची चिलापी घेताना असो की पुण्यात रोहू घेताना, आपणही कल्ले उचलून लाली बघतो, बोटाने दाबून बघतो, आणि पैसे देतो. पुढच्या वेळी एक प्रश्न जास्तीचा विचारा: हा मासा धरणातला की तळ्यातला, आणि तळ्यातला असेल तर विकण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवला होता का? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं की अकराव्याच्या आधीच विक्रेता तळेवाल्याला फोन लावेल.