नुक्ता हरवू नये म्हणून

मरहूम अब्बांनी उर्दूत लिहून ठेवलेला खानदानाचा शजरा चिपळूणच्या घरी पेटीत असे. जुलै 2021 च्या पुरात तो पेटीसह गेला. उरला फक्त एक फोटो. दोन वर्षे आधी कुवेतहून सुट्टीवर आलेल्या आतेभावाने तो मोबाइलवर काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता.

अम्मींसाठी आम्ही त्याची 12 बाय 18 इंचांची प्रिंट काढून आणली. अम्मींनी चष्मा लावला, नावांवरून बोट फिरवले आणि विचारले, “आपल्यात हा हमाल कोण?” ‘जीम’च्या पोटातला नुक्ता नाहीसा झाला होता, ‘जमाल’चा ‘हमाल’ झाला होता! उजवीकडची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची अक्षरेही कापली गेली होती. सगळे हसले, अम्मी मात्र गप्प झाल्या. ते अब्बांचे अक्षर होते.

चूक कुठे झाली ते आम्ही शोधले. ग्रुपवर येताना फोटो लहान होऊन आला होता : 1600 बाय 1200 पिक्सेल. पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके. हातात धरून पाहायच्या प्रिंटला इंचामागे 300 पिक्सेल उत्तम, भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला 150 ते 200 चालतात. आमच्या वाट्याला शंभरही आले नव्हते.

फोटो धूसर दिसला म्हणून त्यावर भरपूर शार्पनिंग केले गेले. शार्पनिंगने हरवलेला तपशील परत येत नाही. काठाची काळी बाजू अधिक काळी आणि पांढरी बाजू अधिक पांढरी होते, म्हणून डोळ्यांना चित्र ठळक वाटते. अति झाले की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. पुसट नुक्ते त्या कडेतच बुडाले.

मग आतेभावाला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले. सुदैवाने जुना मोबाइल त्याने जपून ठेवला होता. फोटो आला 4000 बाय 3000 पिक्सेलचा. या वेळी क्रम असा ठेवला :

1. मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम केले. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर्जा घसरतो.

2. आकार आधी ठरवला. मोबाइलचा फोटो 3 बाय 4 प्रमाणाचा. 12 बाय 18 चा कागद पूर्ण भरायला गेले की कडा कापल्या जातात. म्हणून चित्र 12 बाय 16 इंच ठेवून वर-खाली कोरी जागा सोडली. इंचाला 250 पिक्सेल मिळाले.

3. शार्पनिंग सर्वांत शेवटी, ठरलेल्या आकारावर आणि बेताचे केले. शाई कागदात थोडी पसरते, म्हणून पडद्यापेक्षा किंचित जास्त चालते. पांढरी कड दिसू लागली की मागे यावे.

4. मोठ्या प्रिंटआधी शजऱ्याचा 4 बाय 6 इंचांचा तुकडा त्याच मापात छापून पाहिला. थोडक्या खर्चात नुक्ते तपासून झाले.

नव्या प्रिंटवर अम्मींनी पुन्हा बोट फिरवले. ‘जमाल’पाशी थांबल्या, हसल्या आणि पुढे वाचू लागल्या.

आपल्याही घरात जुना निकाहनामा, आजोबांचे पत्र, एखादी वही असेल. ती बुजुर्गांची अमानत आहे. आजच उजेडात, कागदासमोर मोबाइल सरळ धरून तिचा फोटो काढा आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. प्रिंट नंतरही काढता येईल.