आकाशाच्या फोटोसाठी थंड कॅमेरा : घेण्याआधी काय बघायचं?

पवना धरणाच्या बाजूला आमचा बचतगट पाहुण्यांची तंबूत सोय करतो. गटाकडे एक दुर्बीण आहे. हिवाळ्यात पाहुणे विचारतात, “ताई, ताऱ्यांचे फोटो निघतील का?” म्हणून सीसीडी कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायचा विषय बैठकीत निघाला. त्याआधी आम्ही जी माहिती घेतली, ती सांगतो.

सीसीडी म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ती कल्पना निघाली. पागोळ्यांखाली भांडी मांडावीत, तसे तिच्यावर बारीक चौकोन असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. अंधुक ताऱ्याचा प्रकाश त्यांत कित्येक मिनिटं साठवावा लागतो. पण चिप गरम असली, की प्रकाश नसतानाही भांड्यात थेंब पडतात आणि फोटोत खोटे ठिपके दिसतात. साधारण ६-७ अंश थंडावा वाढला, की हे थेंब निम्मे होतात. मोठ्या वेधशाळांत त्यासाठी द्रव नायट्रोजन वापरतात; गाईच्या रेतनाच्या कांड्या ठेवतात तोच. आपल्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात विजेवर थंड होणारी पट्टी असते.

विकणाऱ्याला पहिलं विचारा, बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश खाली जातो? ३० ते ४० चांगलं. तापमान एका आकड्यावर टिकतं का? टिकलं, तर त्याच तापमानाला झाकण लावून काढलेला काळा फोटो खऱ्या फोटोतून वजा करता येतो. आपल्या मावळच्या दमट हवेत चिपवर दव किंवा बर्फ धरतो, म्हणून तिची पेटी हवाबंद हवी. बॅटरीवर रात्रभर चालेल का, तेही बघा.

पिक्सेल दुर्बिणीला जुळायला हवा. पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले २०६, भागिले दुर्बिणीचं नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. उत्तर १ ते २ च्या दरम्यान आलं, तर बहुधा जुळतं.

सोनी कंपनीने सीसीडी बंद करण्याचं २०१५ मध्ये जाहीर केलं. आता नवे थंड कॅमेरे बहुतेक सीमॉस चिपचे असतात. निवडीचे प्रश्न तेच. जुना सीसीडी स्वस्त मिळाला, तरी तो आपल्या कॉम्प्युटरवर चालवून, काळा फोटो काढून बघा, मगच पैसे द्या.

आणि एक गोष्ट कॅमेऱ्याच्याही आधीची. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. आमच्या दुर्बिणीचा स्टँड हाताने फिरवायचा. त्यावर कितीही महाग कॅमेरा लावला, तरी ताऱ्यांच्या रेघाच येणार. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचं कर्ज थांबवलं. आधी मोटरचा स्टँड घेऊ, कॅमेरा पुढच्या हिवाळ्यात.